मापवहीतला पक्ष

प्रिय आत्या,

परवा काकाचा फोन आला होता. तुझं वर्षश्राद्ध पुढच्या महिन्यात येतं, तिथी गुरुजींना विचारून कळवतो म्हणाला. मग इकडचं तिकडचं बोलता बोलता, भाजीचे भाव सांगावेत तशा आवाजात त्यानं सांगितलं, "तुझ्या आत्याच्या पार्टीतल्या बायका काही यायच्या नाहीत बघ. ती जयम्मा अजून म्हणत फिरते, टेलर रुक्कम्मानं आम्हाला विकलं."

मी "हं" म्हटलं. फोन ठेवला आणि पडदा शिवायला बसलो, तर शिवण सरळ येईना. तीनदा उसवली.

तू जाऊन वर्ष होत आलं तरी ते तुझ्या नावाला चिकटलेलंच आहे. आणि ते तुझं नाही, माझं आहे. हे आपल्या दोघांना माहीत होतं. आता एकट्या मला माहीत आहे. म्हणून लिहायला बसलो.

मराठीत लिहितोय, हसू नकोस. आठवीपर्यंत हिंदीच्या तासाला गिरवलेली अक्षरं, आणि तू विठ्ठलाच्या देवळात भजनाच्या वहीवर माझं बोट ठेवून वाचून घेतलेल्या ओळी, एवढीच माझी शाळा. इथे मस्कतला माझ्या खोलीत सांगलीचा धनाजी राहतो. पहिल्या दिवशी माझं बोलणं ऐकून तो म्हणाला, "तू नक्की कुठला रे? अर्धं कळतंय, अर्धं नाही." मी म्हटलं, म्हैसूरचा. तर म्हणाला, म्हैसूरला कुठली मराठी माणसं? आता त्याला काय सांगायचं, की शिवणयंत्र यायच्या आधीपासून आपली माणसं तिथे सुई चालवतात. उगीचच्या जागी "सुम्ने" आणि नाही काच्या जागी "अल्वा" घातल्याशिवाय माझं वाक्य पुरं होत नाही. चार वर्षांत आता धनाजीच वाक्याच्या शेवटी "अल्वा?" विचारायला लागलाय. तू असतीस तर म्हणाली असतीस, एका माणसाला तरी सुधारलंस.

आत्या, मला दुकान फार आठवतं. देवराज मोहल्ल्यात सोनाराच्या आणि बटणांच्या होलसेल दुकानाच्या मधे, दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की भरणारं. सकाळी शटर वर केलं की बाजाराकडून मल्लिगेच्या गजऱ्यांचा वास आत यायचा आणि दहा मिनिटांत मशीनच्या तेलाच्या वासात मिसळून जायचा. इथे मी ज्या कारखान्यात पडदे शिवतो तिथे ए.सी. आहे. वासच नाही कसला.

आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा. बाबा हुबळीला गेले ते तिकडचेच झाले. तू मला त्या दुकानात वाढवलंस. पण मी काही टिकलो नाही तुझ्याकडे. चार महिने काज-बटण, फॉल-पिको, की निघालो टेंपोवर. मग मोबाईलच्या दुकानात. मग लग्नाच्या मांडवांना झालरी लावत गावोगाव. दर वेळी परत आलो की तू गिऱ्हाइकांना सांगायचीस, "आमच्या नागूच्या पायाला मशीनचा पट्टा बांधलाय. पाय थांबला की हा बंद पडतो." बायका हसायच्या. मला राग यायचा. आता कुणी तसं म्हणणारं नाही, तर राग कुणाचा करू?

तुझी एक पद्धत होती. बाकीचे टेलर माप घेताना आकडा मोठ्यानं सांगतात आणि दुसरा कुणी तो लिहून घेतो. तू कधीच नाही. पडद्यामागे टेप लावायचीस, नुसते ओठ हलवायचीस, सगळी मापं डोक्यात ठेवायचीस आणि बाई बाहेर येऊन पदर नीट करेपर्यंत वहीत उतरवायचीस. एकदा मी म्हटलं, "मोठ्यानं सांग की, मी लिहितो, वेळ वाचेल." "बाईचं माप बाईचं असतं," म्हणालीस. "मी फक्त सांभाळते." ती मापवही तू कुणाच्या हाताला लागू द्यायची नाहीस. माझ्यासुद्धा.

हे मला माहीत होतं. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मला पळवाट राहायला नको.

मेष्ट्रु पहिल्यांदा आले तो दिवस आठवतो? निवृत्त शाळामास्तर, सगळं गाव त्यांना मेष्ट्रुच म्हणायचं. मूळचे सरगूरचे, मुलानं म्हैसूरच्या विजयनगर भागात घर बांधलं म्हणून इकडे आलेले. हातात एक शर्ट, कॉलर विरलेली. ती उसवून उलटी लावून पाहिजे होती. तू म्हणालीस, "मेष्ट्रे, बोर्ड वाचा. मी लेडीज टेलर." ते म्हणाले, "कॉलरला कसलं बाई आणि पुरुष? सगळ्या टेलरांनी नवीन शर्ट शिवा म्हणून हाकललं. उलटवणारी एक तूच उरलीस असं कळलं."

कॉलर होईपर्यंत ते स्टुलावर बसून बोलत राहिले. तीस वर्षं एका मोठ्या पक्षात होते. घरी बसून अगरबत्त्या वळणाऱ्या, विड्या करणाऱ्या, साड्यांना गोंडे लावणाऱ्या बायकांचा विषय जाहीरनाम्यात घ्या, म्हणून मागे लागले होते. पक्षातल्यांनी सांगितलं, त्यात मतं नाहीत. मेष्ट्रु बाहेर पडले. एक प्राध्यापक, एक बँकेतला युनियनवाला, सरगूरकडचे चार शेतकरी आणि बेंगळुरूचे काही जण मिळून त्यांनी नवा पक्ष काढला होता. समबाळु पक्ष. सम म्हणजे सारखं, बाळु म्हणजे जगणं.

तू सुईत दोरा ओवत विचारलंस, "लाल पार्टी का?"

"लाल नाही, रुक्कम्मा. लालच्या जवळची. दुकान तुझं तुझ्याकडे राहील, मशीन तुझंच. फक्त कामाला कुणी काम म्हणावं, आणि म्हातारपणी तुला पेन्शन मिळावी."

"लालच्या जवळची म्हणजे वांगी," तू म्हणालीस. एका लग्नाच्या ऑर्डरीतलं वांगी रंगाचं अस्तर ताग्याला उरलं होतं, ते तू फळीवरून काढून त्यांच्यापुढे टाकलंस. झाला पक्षाचा झेंडा. सगळ्या भारतात असा पक्ष नसेल ज्याचा रंग ब्लाऊजच्या अस्तरावरून ठरला.

लोकांनी लगेच नाव ठेवलं, बदनेकाई पार्टी. वांग्यांचा पक्ष. मेष्ट्रुंना आधी वाईट वाटलं. मग तेच भाषणात सांगायला लागले, आमच्या ईरनगेरेच्या वांग्याला म्हैसुरात केवढा मान, आम्हाला त्याच्या अर्धा द्या.

आणि सदस्य! तुझी युक्ती मला आजही पटते. मीटिंगला जाते म्हटलं की घरात सतरा प्रश्न. ब्लाऊज शिवायला टाकते म्हटलं की कुणी अडवत नाही. बायका कापड घेऊन यायच्या, पडद्यामागे माप द्यायच्या आणि तिथेच पक्षात यायच्या. मेष्ट्रु म्हणाले, सदस्यांची वेगळी नोंदवही कर. तू म्हणालीस, "वेगळी वही केली की ती सापडते. मापवही कोण चाळतो?" म्हणून प्रत्येकीच्या मापाखाली तू एक बारीक टाका काढायचीस, पेननं, तिरका. टाका असला की ती आपली.

जयम्माच्या पानावर पहिला टाका होता, अल्वा? ती अगरबत्त्या वळायची, आणि तिचा नवरा वॉर्डात मोठ्या पक्षाचं काम करायचा. "त्याच्या पार्टीला तो घरात विचारून गेला होता काय?" म्हणाली आणि नाव घाल म्हणाली.

दुपारी चौघी-पाच जणी सूप आणि पीठ घेऊन दुकानात दाटीवाटीनं बसायच्या. हात अगरबत्ती वळत असायचे, तोंडं चालू. कामगार ओळखपत्रांचे अर्ज भरायचे दिवस होते ते. तू मशीनवर, मी खाली बसून अर्ज लिहायचो. मला युवा घटकाचा कार्यदर्शी, म्हणजे चिटणीस, केलं होतं. घटकात मी एकटाच. मेष्ट्रु दर महिन्याला गंभीर चेहऱ्यानं विचारायचे, "युवकांचं काय मत आहे?" आणि मी काहीतरी सांगायचो, आणि ते ते लिहून घ्यायचे. आठवीत शाळा सोडलेल्याचं मत, आत्या. लिहून घ्यायचे.

जयम्माचं ओळखपत्र आलं तेव्हा ती ते दोन्ही हातांनी धरून दुकानात आली. "बघ ग रुक्कम्मा," म्हणाली, "माझं काम लिहिलंय. गृहिणी नाही लिहिलं." तू चष्मा लावून वाचलंस आणि म्हणालीस, "फोटोत मात्र भांडायला निघाल्यासारखी दिसतेस." ती म्हणाली, "निघालेच होते. फोटोवाल्याशी."

मग तू निवडणुकीला उभी राहिलीस. वॉर्डातून. आपल्याला शिलाई मशीन चिन्ह पाहिजे होतं, ते चिठ्ठीत दुसऱ्याला गेलं, आपल्याला कपबशी आली. तू घरोघरी जायचीस आणि लोक चहा विचारायचे, तू म्हणायचीस, "चहा नको, कपबशी लक्षात ठेवा." मी पुढे भोंगा धरून. मराठीत, कन्नडात, मोडक्या उर्दूत. पंधरा दिवस मी एक काम सोडलं नाही, हे माझ्या आयुष्यात तेव्हाच झालं.

पडलीस. चांगलीच पडलीस. त्या दसऱ्याला तू जेवढे ब्लाऊज शिवले होतेस तेवढीसुद्धा मतं नव्हती. मोजणीतून बाहेर पडताना तूच म्हणालीस, "नागू, कापड दिलं तेवढ्यांनी मत दिलं असतं तर आज मी मेयर असते." आणि मसाला दोसा खायला नेलंस सगळ्यांना. हरलेल्या लोकांचं एवढं हसणं मी परत कुठे ऐकलं नाही.

धनाजीला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "चार वर्षं चालला, एक माणूस निवडून आला नाही. त्या पक्षाचं एवढं काय घेऊन बसलास?" तू काय सांगितलं असतंस?

पुढचं बरंचसं तुला ठाऊक आहे. तरी लिहितो.

मेष्ट्रुंना लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. बेंगळुरूचे लोक आपसात भांडून वेगळे झाले. म्हैसूरचं सगळं किरणच्या हातात आलं. किरण प्राध्यापकांचा विद्यार्थी, पस्तिशीचा, बोलायला गोड. त्यानं ठरवलं की पक्ष मोठ्या पक्षात विलीन करायचा, त्याच पक्षात, ज्यातून मेष्ट्रु बाहेर पडले होते. विजयनगरला मेष्ट्रुंच्या वरच्या खोलीत मीटिंग झाली. मेष्ट्रु खुर्चीत बसवलेले. तू दाराजवळ, मी तुझ्या मागे.

किरण म्हणाला, "अक्का, म्हैसूरची सदस्यांची यादी पाहिजे. स्टेजवर द्यायची आहे. यादीशिवाय तिथे आपल्याला कुणी खुर्ची देणार नाही."

"माझ्याकडे यादी कुठली? मापवही आहे."

"त्यातली नावं उतरवून द्या."

"विचारून देते. एकेकीला. हो म्हणेल तिचं नाव देते."

"किती दिवस लागतील?"

"दसऱ्याचा सीझन आहे. ब्लाऊज न्यायला येतील तशी विचारते. दिवाळीपर्यंत होईल."

सगळे हसले. किरण म्हणाला, "पक्ष दिवाळीपर्यंत थांबत नाही, अक्का."

"दोन वर्षं घरात लपवून त्या तुझ्याबरोबर थांबल्या, आणि तुला महिनाभर थांबता येईना?"

तेव्हा मेष्ट्रुंनी डावा हात उचलला. काहीतरी म्हणायचं होतं त्यांना. किरण म्हणाला, बघा, मेष्ट्रुंचा होकार आहे. तू म्हणालीस, तो नकार आहे. हात तसाच वर राहिला थोडा वेळ, मग सुनेनं येऊन खाली ठेवला. आपल्या पक्षाची शेवटची मीटिंग ती.

खाली चहाच्या गाड्यावर किरण माझ्या खांद्यावर हात टाकून बोलला. तुझ्या आत्याला कळत नाही रे. मोठ्या पक्षात गेलो की पुढच्या वेळी तिचं तिकीट पक्कं. आणि तुझ्या ड्रायव्हरच्या नोकरीचं मी बोलून ठेवलंय, कायमची. नावं काय, आज ना उद्या जाणारच आहेत.

मी तुझ्यासाठी केलं असं बरीच वर्षं मनाला सांगत होतो. खोटं आहे ते. तिकिटाचं मी पुरतं ऐकलंसुद्धा नव्हतं. कायमची नोकरी, एवढंच डोक्यात बसलं.

एकादशीला तू दुपारी दुकान बंद करून देवळात भजनाला गेलीस. दुसरी किल्ली माझ्याकडे होती. मापवही मशीनच्या ड्रॉवरमधे, रिळांच्या खाली. मी पान पान उघडून मोबाईलवर फोटो काढले. आत्या, पहिल्या पानावर मला वाटलं की नावाशेजारचे आकडे झाकावेत. अंगठा ठेवला त्यावर. पण एका हातानं पान दाबायचं, एका हातानं फोन, आणि अंगठा आकड्यांवर, फोटो हलायला लागले. दोन पानं तसं केलं. तिसऱ्या पानाला अंगठा काढला. संध्याकाळी सगळे फोटो किरणला पाठवले.

टेलरच्या घरातला मी. बाहेरच्या माणसाला त्या आकड्यांचं काही वाटलं नसतं, असं म्हणता येईल. मला वाटलं होतं. म्हणून तर अंगठा ठेवला होता.

विलीनीकरणाचा कार्यक्रम झाला. स्टेजवर नावं वाचली. आणि किरणनं नावं उतरवून घेण्याचा त्रासही घेतला नाही, ते फोटो तसेच पुढे पाठवले. वॉर्डावॉर्डातल्या पुरुषांच्या फोनवर, बायकांची नावं, पत्ते, आणि शेजारी छाती, कंबर, दंड.

जयम्मा आली तेव्हा मी मागे इस्त्री करत होतो. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू बोलली. "रुक्कम्मा, माझं माप माझ्या नवऱ्याच्या फोनवर आहे. त्याच्या मित्रांच्या फोनवर पण. कसं गेलं?"

तुझं मशीन थांबलं. तू तिच्याकडे बघितलं नाहीस. मान वळवून माझ्याकडे बघितलंस, माझ्या तोंडाकडेसुद्धा नाही, हाताकडे. "इस्त्री उचल," म्हणालीस. "कापड जळतंय."

मग तिच्याकडे वळून म्हणालीस, "माझ्याकडून गेलं."

"तू दिलंस?"

"माझ्याकडून गेलं म्हटलं ना, जयम्मा."

तिनं पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला. मग म्हणाली, "माझं कापड दे." तू बिनकापलेलं कापड घडी करून दिलंस. तिनं मोजून बघावं तसं ते उलगडून बघितलं. ते लागलं तुला, मला दिसलं.

त्या आठवड्यात सगळ्या आल्या. कुणी भांडल्या, कुणी नुसत्याच कापड घेऊन गेल्या. दोघींना नवऱ्यांनी मारलं होतं, ते जयम्माच्या शेजारणीनं सांगितलं. ऐन दसऱ्याच्या हंगामात दुकानाच्या फळ्या रिकाम्या. आणि तू मला एक शब्द बोलली नाहीस. "जेवायला बस" म्हणालीस. रोज.

का ग आत्या? मी तुला सांगितलं नव्हतं माझ्यावरचं अंगावर घे म्हणून. एकदा तरी मला मारायचं होतंस, त्यांच्यासमोर. तू मला वाचवलंस की कायमचा गप्प करून ठेवलंस? रागावू नकोस, पण कधीकधी वाटतं, तू बोलली असतीस तर मी आज तिथेच असतो. शिव्या खात असतो, पण तिथेच.

आणि मी? मी मागे इस्त्री धरून उभा होतो. चार पावलांवर. "मी दिले" एवढे दोन शब्द. त्यासाठी काही शाळा लागत नाही.

नोकरी मिळाली नाही, हे तुला ठाऊकच आहे. किरण महिन्याभरानं ओळख देईना. मेष्ट्रु त्याच थंडीत गेले. वांगी झेंडे तू एका बैठकीत उसवून पुन्हा अस्तराला लावलेस. ज्यांना ते ब्लाऊज मिळाले त्यांना माहीतही नसेल आत काय आहे. आणि मी एजंट गाठून मस्कतला आलो. परत पट्टा फिरला. तू बसस्टँडवर चित्रान्नाचा डबा दिलास आणि "वेळेवर खा" म्हणालीस. बस सुटेपर्यंत मी वाट बघत होतो की तू आता विचारशील. नाही विचारलंस.

नंतर फोनवर तीन वर्षं आपण काय बोललो? जेवलास का, ऊन किती, मशीन कुठलं, मालक बरा आहे का. गिऱ्हाइकं कशी आहेत विचारलं की म्हणायचीस, "येतात. नवीन येतात." जुन्यांचं नाव तू काढलं नाहीस, मी काढू दिलं नाही.

एक अजून सांगायचं आहे. तू गेलीस तेव्हा मी काकाला सांगितलं, मालक रजा देत नाही. सगळे म्हणाले, बिचारा, परक्या देशात अडकला. आत्या, मी रजा मागितलीच नव्हती. धनाजीनं माझी बॅग भरायला घेतली होती, मी ती उलटी केली. मला वाटलं, तुला शेवटचं बघायला जयम्मा आली तर? ती तुझ्याकडे बघेल आणि मी तिच्याकडे बघू शकणार नाही. तुला कुणी खांदा दिला, कुणी तोंडात पाणी घातलं, मला माहीत नाही. विचारायचं धाडस झालं नाही. तू मला चार वर्षांचा असताना उचललंस, आणि मी तुला उचलायला आलो नाही.

काल शुक्रवार होता, सुट्टी. काकाकडून तिथीची तारीख आणि जयम्माचा नंबर घेतला. कशाला म्हणून विचारलं त्यानं, मी म्हटलं काम आहे. तीनदा लावून तीनदा कापला. चौथ्यांदा मी कापायच्या आधी तिनं उचलला.

"कोण?"

"नागेश. रुक्कम्माचा भाचा."

"कुठला नागेश? तो दुबईवाला?"

"मस्कत."

"काय पाहिजे?"

मी सांगितलं. सलग सांगितलं, कन्नडात, थांबलो असतो तर पुढे बोलता आलं नसतं. एकादशी, किल्ली, फोटो, किरण. तू देवळात होतीस आणि तुला काही माहीत नव्हतं, हे दोनदा सांगितलं.

मग ती म्हणाली, "त्या दिवशी मागे इस्त्री करत होतास ना तू?"

"हो."

"मला आठवतं. होतास तू तिथे."

"हो."

"मी तिला काय काय बोलले. नंतर रस्त्यात भेटली तरी तोंड फिरवलं. ती जायच्या आठ दिवस आधी बाजारात समोर आली होती, मी दुसऱ्या बाजूला गेले. हे आता मी कुणाला सांगू, नागेशा?"

मी म्हटलं, "मी तिथीला येतो. सगळ्यांना सांगतो."

तेव्हा ती भडकली. "तिथीला नको. पानावर बसलेल्याला कोण शिव्या देणार? गोड खाऊन सगळ्या म्हणतील, होगली बिडु, जाऊ दे. तुझं फावेल. दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत ये. एकेकीला मी बोलावते. ज्या दोघींनी मार खाल्ला त्यांना पण. तू उभा राहून सांग." आणि ठेवला फोन. माफ केलं की नाही, काही म्हणाली नाही. मी विचारलंही नाही.

आज सकाळी मालकाकडे रजा मागितली. दोन मिनिटांत हो म्हणाला. एवढंच होतं ते, आत्या. गेल्या वर्षीही एवढंच असणार.

काका म्हणतो, आलास की जेवून दुसऱ्याच दिवशी पळशील, तुझं माहीत आहे. त्याचं काही चुकत नाही. पण आत्या, मी परतीचं तिकीट तिथीच्या पुढे आठ दिवसांचं काढलं आहे. जयम्माच्या गल्लीत जाईन. तू मीटिंगला काय बोलली होतीस, मी काय केलं होतं, आणि किती वर्षं गप्प बसलो, हे माझ्या तोंडानं सांगेन. किरणचं नाव शेवटी घेईन, माझं आधी. त्या बोलतील ते ऐकेन. त्या उठून गेल्या तर जाऊ देईन.

मी उठणार नाही.

तुझा
नागेश